आभार कसे मानावेत?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा याला भाषण न म्हणता चार घरगुती गोष्टी म्हणा.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता साऱ्या देशाने टाळ्या-थाळ्या वाजवून डॉक्टर आणि नर्सबाईंचे आभार मानले. पण त्याच दिवसांत कित्येक नर्सबाईंना घरमालकांनी खोली सोडायला सांगितले. अखेर २२ एप्रिलला त्यांच्या रक्षणासाठी सरकारला वटहुकूम काढावा लागला.

माझी धाकटी जाऊ नर्स आहे. त्या साथीनंतर ती पाळीवरून येई ती गप्पच. अन्न गोड लागेना, झोप येईना. नातेवाईक म्हणत, "सरकारी नोकरी आहे, देवाचे आभार मान!" त्याने ती आणखी मिटून जाई. भगिनींनो, अशी खिन्नता हा आजार आहे. उपदेशाने तो उतरत नाही. सासूबाईंनीच तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. औषध, विश्रांती मिळाली, तेव्हा कुठे हळूहळू उतार पडला.

मग कृतज्ञता फुकट का? तसे नव्हे. हाँगकाँगमधला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. तो जावेनेच मला वाचून दाखवला. इस्पितळांत काम करणारी १०२ माणसे त्यात होती, नर्सही होत्या. त्यांतल्या काहींनी चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, कामावर कोणाचे आभार मानावेसे वाटले ते वहीत लिहिले. त्यांचा ताण व खिन्नता कमी झाली. वाचून झाल्यावर जाऊ म्हणाली, "ताई, वही चांगलीच. पण दोघींचे काम एकटीवर पडले, तर वही काय करणार?"

म्हणून आभार आपण मानावेत, आणि ते नेमके असावेत. "तुम्ही रात्री तीनदा उठून माझ्या आईला पाणी पाजलेत," असे एका मुलीने म्हटलेले जावेच्या आजही लक्षात आहे. इस्पितळातून निघताना नर्सबाईचे नाव विचारावे, तिने केलेले काम चार ओळींत लिहून मेट्रनकडे द्यावे. रात्रपाळी करून आलेल्या शेजारणीची सकाळी घंटा वाजवू नये. तिचे दूध आपण घेऊन ठेवावे, मूल शाळेतून आणावे. आणि तिची उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस, विनामूल्य चालू असतो.

१२ मेला, परिचारिका दिनी, फूल जरूर द्यावे. पण तिला झोप मिळेल असे शेजारपण वर्षभर द्यावे.