एका सरकारची दोन बिले
(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेतील भाषण)

साथींनो,

आज एका मंडपात रेल्वे आणि टपाल, दोन्ही खात्यांचे कामगार बसले आहेत. आपले नाते जुने आहे. १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर धावत्या गाडीत टपालाचे सॉर्टिंग सुरू झाले, तेव्हापासूनचे. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने थैल्या चढवायच्या-उतरवायच्या. दोघांचा मालक एकच, भारत सरकार. तरीही या मालकाची दोन खाती एकमेकांना बिले पाठवतात. या बिलांविषयी आज आम्हाला बोलायचे आहे.

टपालाच्या वाहतुकीसाठी टपाल खाते रेल्वेला भाडे देते. टपाल कचेरीतील बचत खात्याचे काम अर्थ मंत्रालयाच्या वतीने चालते, त्यासाठी ते मंत्रालय टपाल खात्याला मोबदला देते. रेल्वे पोलिसांचा खर्च राज्य सरकार आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. अॅकवर्थ समितीच्या शिफारशीवरून १९२४ साली रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सर्वसाधारण जमाखर्चापासून वेगळा झाला. त्यानंतर गुंतवलेल्या भांडवलावर रेल्वे सरकारी तिजोरीला लाभांश देत राहिली. २०१७ साली रेल्वेचा अर्थसंकल्प मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला, तेव्हा कुठे तो लाभांश थांबला.

हिशेब ठेवण्याला आमचा विरोध नाही. कोणत्या कामाला किती खर्च येतो, हे कळलेच पाहिजे. हिशेब नसेल तर एका खात्याची उधळपट्टी दुसऱ्याच्या खर्चात सहज लपते. प्रश्न वेगळाच आहे. दर कोण ठरवतो? आणि त्या दराचा परिणाम कोणाच्या पोटावर होतो?

बचत खात्याचेच घ्या. व्याजाचे दर अर्थ मंत्रालय ठरवते, जमा झालेला पैसा सरकारकडे जातो, आणि टपाल खात्याला काय मोबदला मिळावा यावरही त्याच मंत्रालयाचा शब्द चालतो. खिडकीवर रांग सांभाळणारा, खेड्यात विधवेच्या हातावर पेन्शनचे पैसे मोजून ठेवणारा आपला साथी मात्र या वाटाघाटीत कुठेच नसतो. मोबदला कमी पडला की टपालाची तूट फुगते. मग वरून फर्मान निघते : खाते तोट्यात आहे, जागा भरू नका. खिशातून काढून खिशातच घातलेल्या पैशाची किंमत कामगाराने आपल्या नोकरीने मोजायची, असा हा न्याय आहे.

रेल्वेची गोष्ट वेगळी नाही. मुंबईच्या लोकलचा पासधारक खर्चापेक्षा कमी पैशात प्रवास करतो. तो करावाच, ती समाजाची गरज आहे. पोस्टकार्डही खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त विकले जाते. ते विकावेच. पण समाजाच्या गरजेचा खर्च समाजाच्या तिजोरीतून उघडपणे यायला हवा. संरक्षणाच्या दृष्टीने बांधलेल्या मार्गांवरील तोटा सर्वसाधारण महसुलातून भरून देण्याची पद्धत रेल्वेत होतीच. म्हणजे तत्त्व सरकारला ठाऊक आहे. ते हवे तिथे लावले जाते, नको तिथे विसरले जाते.

आता आपल्याच घरातली चूक कबूल करू. रेल्वेवाले म्हणतात, टपालाचे भाडे वाढवा, आम्हाला परवडत नाही. टपालवाले म्हणतात, भाडे कमी करा, आमची तूट वाढते. आम्हीसुद्धा आपापल्या सभांत हेच बोललो आहोत, टाळ्याही घेतल्या आहेत. पण पुढचा विचार केला नाही. भाडे वाढले तर टपाल खाते थैल्या ठेकेदाराच्या ट्रकवर चढवणार. रेल्वेचे उत्पन्न जाणार, आरएमएसमधल्या सॉर्टरची आणि मेलगार्डची जागा जाणार. दोन्ही खात्यांचे नुकसान, आणि फायदा तिसऱ्याचा. दोघा भावांच्या भांडणात शेताचा बांध सावकाराने सरकवावा, तसे हे होईल.

म्हणून आमच्या चार मागण्या आहेत. खात्याखात्यांतील दर कसे ठरले, ते प्रसिद्ध करा. ठरवताना दोन्हीकडच्या मान्यताप्राप्त संघटनांचे म्हणणे ऐका. सामाजिक जबाबदारीचा खर्च ताळेबंदात वेगळा दाखवा आणि तो सर्वसाधारण महसुलातून द्या. आणि अशा कागदी तुटीच्या आधारावर एकही जागा रद्द करू नका, एकही कार्यालय बंद करू नका.

१९६६ साली सुरू झालेल्या संयुक्त सल्लागार यंत्रणेत रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांच्या कामगारांचे प्रतिनिधी एका टेबलापाशी बसतात. हा प्रश्न तिथे मांडताना दोघांचे निवेदन एकच असले पाहिजे. त्याआधी प्रत्येक शाखेने एक काम करावे. आपल्या स्टेशनात गेल्या काही वर्षांत किती थैल्या रेल्वेवरून उतरून ट्रकवर गेल्या, किती जागा रिकाम्या राहिल्या, याची नोंद दोन्ही खात्यांच्या साथींनी मिळून करावी. आकडे हातात असले की साहेबाला उत्तर द्यावेच लागते.

बिले सरकारची दोन असतील. आपली युनियनची पावती वेगवेगळी असेल. पण लढा एकच आहे, हे आज इथून जाताना लक्षात ठेवू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!