न थांबणारे रक्त

बारामती-इंदापूरच्या बागायतदाराला द्राक्षाचे कलम नवे नाही. खुंट जागेवरच राहतो, काडी तेवढी निवडून आणलेली. जनुकोपचार काहीसा तसाच. फक्त हे कलम पेशीच्या आत करायचे.

हिमोफिलियाचेच घ्या. रक्त गोठवणारा आठवा घटक तयार करणारा जनुक बिघडलेला असतो. पोराचा गुडघा जरा आपटला, की सांध्यात रक्त साचते. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी पाच रुग्णांच्या मूळपेशी काढल्या, निकामी केलेल्या विषाणूकरवी त्यांत चांगला जनुक पोचवला आणि त्या परत शिरेतून दिल्या. त्याआधी जहाल औषधांनी अस्थिमज्जेत जागा करावी लागते. काम सोपे नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले: उपचारानंतर पाचांपैकी कोणालाही रक्तस्रावाचा त्रास झाला नव्हता.

आता तुम्ही विचाराल, पुढची पिढी सुटली का? नाही. बापाच्या बीजात फरक पडत नाही. मुलीकडे तो जनुक जातोच. आणि मुलगा आजारी निघाला, की बोल मात्र आईला! सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर आधी हा आजार कुणालाच नसतो.

गुरुजी, वर्गात असा मुलगा असेल तर त्याला अ‍ॅस्पिरिन देऊ नका. गुडघा सुजला तर थंड फडके ठेवून तडक रुग्णालयात न्या.