खुर्ची देणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणणारी बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला एका थोर स्त्रीविषयी कुणीतरी चार शब्द सांगायचे, असा आपला प्रघात आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली, संसारात रमलेली बाई. पण माझी लेक वकिलीचे शिकते. तिने मला फिलिपाइन्स देशातल्या एका न्यायाधीशबाईंची हकीकत सांगितली. ती काही केल्या मनातून जाईना, म्हणून तीच आज आपल्यापुढे ठेवते.

ह्या बाईंचे नाव सेसिलिया मुन्योझ-पाल्मा. जन्म २२ नोव्हेंबर १९१३ चा, बातांगास प्रांतातला. १९३७ साली वकिलीच्या परीक्षेत त्या साऱ्या देशात पहिल्या आल्या. त्याच साली तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. पण तो सुखासुखी नव्हे हो! निदान तीन लाख बायकांनी ‘आम्हांला मत हवे’ असा कौल द्यावा, अशी अट होती. चार लाखांवर बायकांनी तो दिला.

पाल्माबाई १९४७ साली केसोन शहराच्या पहिल्या स्त्री सरकारी वकील झाल्या. १९५४ साली देशातल्या पहिल्या स्त्री जिल्हा न्यायाधीश, १९६८ साली अपील कोर्टात आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात. तिथे बसणाऱ्या त्या पहिल्याच बाई. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री, फातिमा बीवी, आल्या त्या १९८९ साली. म्हणजे सोळा वर्षांनी.

पण पहिला नंबर काय, कुणाचा तरी येतोच. मला सांगायचे आहे ते पुढचे.

१९७२ साली तिथले अध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. कायदेमंडळाला कुलूप लागले, विरोधक तुरुंगात गेले. पाल्माबाईंना सर्वोच्च न्यायालयात नेमले तेही ह्याच मार्कोस यांनी. १९७६ साली कोर्टापुढे प्रश्न आला, की राज्यघटनेत बदल सुचवण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षांना आहे का? बहुतेक न्यायाधीश म्हणाले, आहे. दोघांनीच ‘नाही’ म्हटले. एक न्यायमूर्ती तीहांकी आणि दुसऱ्या आपल्या पाल्माबाई. लोक धाकात असताना घेतलेल्या कौलाला फारसा अर्थ नसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या हरल्या. कौल घेतला गेला आणि मार्कोस यांच्या मनासारखे झाले. पण कोर्टात एक चांगली रीत असते. हरलेल्याचे मतही निकालाबरोबर लिहून ठेवतात. ते कुणी खोडत नाही.

१९७८ साली त्या निवृत्त झाल्या, तरी घरी बसल्या नाहीत. १९८४ साली विरोधी पक्षाकडून निवडून आल्या. १९८६ साली मार्कोस यांना देश सोडावा लागला. नव्या अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी घटना लिहिण्यासाठी ४८ जणांचे मंडळ नेमले. त्या मंडळाने आपले अध्यक्षपद पाल्माबाईंनाच दिले. लष्करी कायदा ६० दिवसांवर चालवायचा तर कायदेमंडळाची संमती हवी, आणि कोर्टालाही तो तपासता यावा, असे त्या घटनेत लिहिले गेले. १९८७ साली लोकांनी ती मान्य केली. २ जानेवारी २००६ रोजी, ९२ वर्षांच्या होऊन पाल्माबाई वारल्या.

भगिनींनो, ही हकीकत ऐकताना माझी मान खाली गेली. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आपल्या समितीत एका भगिनीच्या शिलाई यंत्राचा विषय निघाला. तिचे तीन हप्ते थकले होते. यंत्र परत आणावे, असा ठराव आला. तिचा नवरा आजारी आहे, हे मला ठाऊक होते. ती यंत्रावरच घर चालवते, हेही ठाऊक होते. पण ज्यांनी मला समितीत घेतले, त्यांच्याच ठरावाविरुद्ध कसे बोलायचे, असे वाटले. मीही हात वर केला. वहीत लिहिले गेले, ‘ठराव एकमताने संमत’. ते यंत्र आजही मंडळाच्या कपाटाशेजारी चादर पांघरून उभे आहे. कुणाच्याच उपयोगी पडले नाही.

दोष कुणाला देत नाही. तो माझा आहे. मी बोलले असते तर कदाचित हरले असते. पण वहीतला तो ‘एकमताने’ शब्द तरी खोटा ठरला नसता.

म्हणून आज दोन मागण्या करते. ते यंत्र त्या भगिनीला परत द्यावे. थकलेल्या हप्त्यांतला एक मी भरीन. आणि यापुढे ज्या बाईचे मत निराळे असेल, तिचे नाव आणि तिचे म्हणणे वहीत लिहावे. ती एकटी असली तरीही.