कागदावरचा आंकडा आणि ताटांतलें अन्न

डहाणू रोड स्टेशनाच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या सुखवस्तु घराची श्रोत्यांनीं कल्पना करावी. घरचे कर्ते गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. दुकानावर सकाळपासून रात्रीपर्यंत बैठें काम. एके दिवशीं रक्ततपासणीचा कागद घरीं येतो. त्यावर कोलेस्टेरॉलचा आंकडा २३० असा असून त्याखालीं ठळक रेघ ओढलेली असते. त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा रंग पालटतो. अंडें बंद होतें, भाजीवरचें ओलें खोबरें बंद होतें, वरणावरची तुपाची धार बंद होते. पण सकाळचा फाफडा, दुपारीं दुकानांत येणारा वडा, चार वेळचा गोड चहा आणि जेवणानंतरची तंबाखू यांच्याकडे कोणाची नजरहि वळत नाहीं. शिक्षा झाली खरी, पण चोर सोडून संन्याशाला! असें कां होतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

कोलेस्टेरॉल हें नांव ऐकतांच विषाची आठवण व्हावी, इतकी या पदार्थाची अपकीर्ति झाली आहे. वास्तविक तो शरीराचा वैरी नव्हे. पेशींचीं आवरणें त्यावांचून टिकत नाहींत. पित्तरस, कित्येक अंतःस्राव आणि ड जीवनसत्त्व यांच्या घडणीस तो लागतो. त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच बनवितें. अन्नांतून येणारा भाग त्या मानानें थोडा. हा पदार्थ मेणासारखा असून रक्तांत विरघळत नाहीं. घोलवडचे चिकू जसे पेट्यांत भरून गाडीनेंच बाजाराला न्यावे लागतात, तसा हा पदार्थ प्रथिनांच्या वाहनांत बसूनच शरीरभर फिरतो. एल.डी.एल. नांवाचें वाहन माल पेशींकडे नेतें. तें फार झालें, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत माल सांडूं लागतो आणि वर्षानुवर्षें तेथें थर चढत जातात. एच.डी.एल. नांवाचें दुसरें वाहन कांहीं माल परत यकृताकडे आणतें. म्हणून एकूण आंकडा पाहून घाबरण्यापेक्षां, कोणतें वाहन किती आहे हें डॉक्टरांना विचारणें अधिक शहाणपणाचें.

अंड्यावरचा राग कोठून आला, याचीहि एक हकीकत आहे. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय अनिच्कोव्ह यांनीं सशांना कोलेस्टेरॉल चारलें, तेव्हां त्यांच्या रक्तवाहिन्यांत मनुष्याच्या रोगासारखेच थर आढळले. प्रयोग थोर होता. परंतु ससा हा शाकाहारी प्राणी, त्याच्या देहाला असल्या अन्नाची संवय नाहीं. मनुष्याच्या पोटांत हा पदार्थ अधिक गेला, तर बहुतेकांचें यकृत आपलें उत्पादन बरेंचसें आवरतें. पुढें अमेरिकेंतील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनीं पेशी रक्तांतलें एल.डी.एल. कसें उचलून घेतात हें दाखवून दिलें, आणि त्याबद्दल त्यांना १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. लोणी, तूप, साय, खोबरेल यांत संपृक्त मेद पुष्कळ असतो; तो फार झाला, कीं यकृताची ही उचलण्याची शक्ति मंदावते. तात्पर्य, वाटींतल्या तुपाचें माप पाहणें योग्यच आहे. पण निरोगी माणसानें एका अंड्याला इतकें भिण्याचें कारण नाहीं. मधुमेह असणारांनीं मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

दुसरी फसगत होते ती तेलाच्या डब्यावर. ‘कोलेस्टेरॉलविरहित’ अशीं अक्षरें वाचून गृहिणी निश्चिंत होते. पण शेंगदाणा असो, तीळ असो कीं नारळ असो, वनस्पतिजन्य तेलांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेंच! १९३७ सालीं निघालेल्या डालड्यासारख्या वनस्पति तुपांतहि तें नव्हतें. मात्र तेल गोठविण्याच्या त्या रीतींत ट्रान्स मेद उत्पन्न होत असे, आणि हृदयाला तो तुपाहूनहि वाईट. जानेवारी २०२२ पासून भारतांत तेलें व मेद यांतील अशा मेदाला शेंकडा २ ची मर्यादा घातली गेली. पण कायदा कढईपर्यंत पोंचतोच असें नाहीं. तेंच तेल काळें पडेपर्यंत तापवून त्यांत तळलेला जिन्नस डब्यावरच्या अक्षरांनीं निर्दोष होत नाहीं.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना विशेष लागू आहे. भारतीयांत पुष्कळदां एकूण कोलेस्टेरॉल फार नसतें. ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एच.डी.एल. कमी, असा प्रकार आढळतो. त्याचें मूळ तुपापेक्षां पोटावरच्या चरबींत, बैठ्या दिनक्रमांत, आणि साखर, मैदा व ताटभर पांढरा भात यांत अधिक असतें. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही अभिमानाची गोष्ट. तथापि मधुमेह्यानें तो मापूनच खावा. किनाऱ्यावरचे ताजे बांगडे व तारल्या हृदयाला हितकर आहेत. पण तेच मासे खोल तेलांत तळले, किंवा खारवलेली सुकी मासळी रोज ताटांत आली, तर हिताचें अहित होतें. मीठ दिवसाकांठीं ५ ग्रॅमहून अधिक नसावें.

आतां किनारा सोडून पूर्वेकडे तलासरीच्या पाड्यांकडे वळावें. तेथें वारली कुटुंबाच्या ताटांत नागलीची भाकर, भात, उडीद, पावसाळ्यांतल्या रानभाज्या आणि ओढ्यांतले मासे-खेंकडे असा आहार पिढ्यान् पिढ्या होता. नागलीचा कोंडा, डाळी, भाज्या आणि दिवसभराचें कष्ट ही हृदयाची उत्तम राखण होय. पण त्या ताटाचें कौतुक करतांना तें पुष्कळदां अर्धेंच भरलेलें असे, आणि कित्येक घरीं अजूनहि असतें, हें विसरतां कामा नये. ज्याच्या मुलाचें वजन भरत नाहीं, त्याला ‘अंडीं सोडा, कमी खा’ असें सांगणें म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे. तेथें अंडें औषधाच्या ठिकाणीं आहे. गरिबीचा हृद्रोगहि निराळा: लहानपणीं घसा सुजून पुढें सांधे दुखतात आणि हृदयाच्या झडपा बिघडतात. तो तुपानें होत नाहीं. घशाच्या दुखण्यावर वेळेवर पेनिसिलिनसारखें औषध न मिळाल्यानें होतो. आणि आतां तिसरेंच चित्र दिसूं लागलें आहे. वापी-उमरगांवच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा तरुण नागली मागें टाकतो आणि वडापाव, पुडींतला खारा खाऊ व तंबाखू जवळ करतो. बापाची भूक आणि शेटजींचा रोग असे दोन्ही वारसे त्याच्या वांट्याला येण्याची भीति आहे.

मग करावें काय? तंबाखू सोडावी, हें पहिलें. आठवड्यांतून निदान १५० मिनिटें झपाझप चालावें. कंबरेचा घेर पुरुषांनीं ९० आणि स्त्रियांनीं ८० सेंटिमीटरच्या आंत ठेवावा. तिशीनंतर रक्तदाब व साखर तपासून घ्यावी; सरकारी आरोग्य केंद्रांत ही सोय आहे. कित्येकांना जास्त एल.डी.एल. जन्मतःच मिळतें, त्यांना केवळ पथ्य पुरत नाहीं. जपानचे अकिरा एंदो यांना १९७३ सालीं एका बुरशींत जें द्रव्य सांपडलें, त्यांतून निघालेल्या स्टॅटिन औषधांनीं असंख्यांचे प्राण वांचले आहेत. आंकडा उतरला म्हणून, किंवा शेजाऱ्यानें सांगितलें म्हणून, डॉक्टरांना न विचारतां त्या गोळ्या सोडणें हा अविचार होय.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचें. छातीवर धोंडा ठेवल्यासारखें दडपण येतें, घाम फुटतो, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाते, आणि घरांतलीं माणसें म्हणतात, ‘पित्त झालें असेल, सोडा घ्या, सकाळीं पाहूं.’ ती सकाळ कित्येकांना दिसत नाहीं. गुठळीनें वाट अडली, कीं हृदयाचा स्नायु मिनिटामिनिटानें मरूं लागतो; वाट लवकर मोकळी झाली तरच तो वांचतो. पाड्यावरून महामार्गाला येण्यांतच जेथें वेळ जातो, तेथें तर एक क्षणहि दवडूं नये. १०८ क्रमांकाला दूरध्वनि करावा आणि विद्युत्-हृदयालेख काढण्याची सोय असेल तेथें रोग्याला पोंचवावें. पित्तच निघालें, तर झालेल्या धांवपळीबद्दल कोणी हंसणार नाहीं.

रक्ताचा कागद वर्षांतून एखादे वेळीं येतो. ताट दिवसांतून दोनदां पुढें येतें. कागद वाचतांना ताटाकडे, आणि ताटाबरोबरच शेजारच्याच्याहि ताटाकडे नजर गेली, तर त्या आंकड्यानें आपलें काम केलें असें म्हणतां येईल.