‘गारवा’चा ठसा कोठे उमटला?

(यवतमाळ येथील कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला कापसाच्या अर्थकारणावर बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर मी आजवर इतके बोललो आहे की आपणांपैकी काहींना माझी आकडेवारी पाठ झाली असेल. म्हणून आज त्यांची अनुमती घेऊन मी आपल्या शिबिरांत सहसा न निघणारा विषय काढतो आहे. १९९८ साली ‘गारवा’ नावाची एक मराठी कॅसेट निघाली. संगीत आणि स्वर मिलिंद इंगळे यांचे. शब्द सौमित्र, म्हणजे किशोर कदम यांचे. ती घरोघरी पोहोचली. चित्रपटाचा टेकू नसलेल्या मराठी गाण्यांना असे यश क्वचितच लाभते. या यशाचा आपल्या सांस्कृतिक जीवनावर काही टिकाऊ परिणाम झाला काय, की तो केवळ एका पावसाळ्याचा बाजार होता?

हा प्रश्न करमणुकीचा आहे, चळवळीचा नाही, असे कोणाच्या मनात येत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. त्या वेळी मीही तेच म्हणत होतो. एका अभ्यासवर्गात तर मी ठासून सांगितले होते की ही कॅसेट दोन पावसाळ्यांत विस्मरणात जाईल. माझा तर्क अर्थशास्त्राच्या माणसाला शोभेल असाच होता. १९९१च्या धोरणबदलानंतर बाजार नव्या मालाने भरू लागला होता. पाचव्या वेतन आयोगाने नोकरदाराच्या हाती चार पैसे अधिक आले होते. (प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीही १ जानेवारी १९९६ पासून सुधारल्या होत्या, म्हणजे हा नोकरदार मीच होतो. हे मात्र मी त्या भाषणात सांगितले नव्हते.) कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणाचा धंदा स्वस्त झाला होता आणि ग्रामोफोन कंपनीची जुनी मक्तेदारी १९८०च्या दशकातच खिळखिळी झाली होती. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ गाजला होता, त्याच लाटेचा हा मराठी तुषार, असे माझे निदान होते. लाट ओसरली की तुषारही वाळेल.

लाट ओसरली. कॅसेट गेली, तिच्यामागून आलेली तबकडीही गेली. गाणी मात्र राहिली. पाव शतक उलटून गेल्यावरही जून उजाडला की ती कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर वाजतात, आणि ऐकणाऱ्यांत ती कॅसेट निघाली तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुले असतात. भाकीत चुकणे ही आमच्या शास्त्रात नवलाची गोष्ट नव्हे. पण ते का चुकले हे पाहिले पाहिजे.

खप म्हणजे परिणाम नव्हे, हे आपण सारे जाणतो. परंतु नुसते टिकणे म्हणजेही परिणाम नव्हे. गाण्याने माणसांची एखादी रीत बदलली किंवा नवी रीत पाडली, तर परिणाम झाला असे मी म्हणेन. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरणे पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. पण त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला आजही गावोगावी माणसे एकत्र बसतात. वामनदादा कर्डकांच्या गीतांवाचून आंबेडकर जयंती सुनीसुनी वाटते. होळीला बंजारा तांड्यावर लेंगी होते, तिला कोणी जाहिरात करावी लागत नाही. सेवादलाच्या कलापथकाने एका पिढीला गात गात विचार करावयास शिकविले. या प्रत्येक गाण्याला एक समूह आहे आणि एक प्रसंग आहे. ‘गारवा’ला यांपैकी काहीच नाही. ती गाणी भजनात बसत नाहीत, मोर्चात चालत नाहीत, आणि लग्नाच्या वरातीत तर कोणी लावीत नाही. या कसोटीवर माझे १९९८चे मत अजूनही खोटे ठरत नाही.

पण ही कसोटी गाणाऱ्यांची झाली. ऐकणाऱ्यांचे काय? त्या कॅसेटमध्ये गाण्यांना जोडून कविता बोलली जात होती, तीही साध्या, घरगुती बोलण्याच्या मराठीत. दहावीच्या क्रमिक पुस्तकाबरोबर ज्यांनी कविता मिटून ठेवली होती, अशी मुले पदरचे पैसे देऊन कविता ऐकू लागली. आपली गाणी माणसाला समूहात बोलावीत. ही गाणी त्याला एकटे बसू देत. भावगीतात हे पूर्वीही होते, हे मान्य. मात्र शिक्षक, कारकून आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांच्या कानाला बोलत्या कवितेची सवय येथे नव्याने लागली. पुढे २००३ साली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू झाला. त्याचा प्रेक्षक ‘गारवा’नेच घडविला असे मी म्हणणार नाही, परंतु मशागत झालेल्या रानात पेरणी सोपी जाते.

आता पावसाविषयी. या कॅसेटमधल्या पावसाला चिखल नाही, असा माझा आक्षेप होता आणि तो पुष्कळसा आजही आहे. आपला जिल्हा कोरडवाहू कापसाचा. येथे पाऊस लांबला की दुबार पेरणी, आणि वेचणीच्या दिवसांत आला की बोंडे काळी पडतात. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह जीवन संपविले. त्या भूमीत पावसाकडे केवळ मनाची एक अवस्था म्हणून पाहणे मला चैन वाटे.

त्या काळी वसतिगृहात माझा एक विद्यार्थी होता. घरी दहा एकर कोरडवाहू जमीन, आणि मुलगा हुशार. आपल्या अभ्यासवर्गांना तो नेमाने येई. एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो तर हीच कॅसेट चाललेली. मी चिडवण्याच्या सुरात म्हणालो, “शेतकऱ्याच्या पोरा, हा पाऊस तुझा नव्हे.” तो म्हणाला, “सर, घरी पावसाची गोष्ट निघाली का बाबा सोसायटीच्या कर्जाचीच गोष्ट काढते. ह्या कॅसेटमंधी पाऊस नुसता पाऊस हाय. मले तेच आवडते.” मी त्याला वर्गीय जाणिवेवर पंधरा मिनिटे ऐकविले. त्याने टेप बंद केला. वाद घातला नाही. त्यानंतर तो आपल्या एकाही अभ्यासवर्गाला आला नाही.

मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी १८८० साली ‘आळसाचा हक्क’ नावाचा निबंध लिहिला. मी तो वर्गात अनेकदा शिकविला होता. कष्टकऱ्याला विसावा मिळणे ही दया नव्हे, ती मागणी आहे, हे मी फळ्यावर लिहीत असे. आणि तीच मागणी वऱ्हाडी बोलीत समोर आली तेव्हा मला ती ओळखता आली नाही. कर्जाची आठवण न होता पाऊस पाहता यावा, याहून अधिक त्या मुलाला काय हवे होते? बाजाराने त्याला त्या पावसाची साठ-एक मिनिटे विकली. आपण त्याला काहीच दिले नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये याच शहरात ९२वे साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातील, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने केले. सभामंडप स्तब्ध झाला. त्या दुःखावर आपण अहवाल लिहिले, निवेदने दिली, मीही लेख लिहिले. पण त्या विद्यार्थ्याला संध्याकाळी टेपवर लावावेसे वाटेल असे गाणे आपल्यापैकी कोणी केले नाही. ‘गारवा’चा परिणाम टिकाऊ झाला तो या मोकळ्या राहिलेल्या जागेत, असे आता माझे मत झाले आहे. कोणाला ते पटणार नाही; चर्चेत जरूर सांगावे.

गेल्या जूनमध्ये बियाणे घेण्यासाठी मी भावासोबत एका कृषी सेवा केंद्रात गेलो होतो. दुकानात गर्दी, आभाळ भरलेले, पण थेंब नाही. काउंटरवरच्या पोराच्या मोबाईलवर हेच गाणे लागले होते. कपाशीची पाकिटे हाती घेऊन उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, “कोणतं गाणं हाय रे हे?”

“जुनं हाय काका.”

“मंग लाव पुन्हा.”