निःशब्द शस्त्र : अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी



१९८२ सालच्या मे महिन्याची २ तारीख. दक्षिण अटलांटिक महासागरात अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही जुनी क्रूझर दोन विनाशिकांच्या सोबतीने चालली होती. ही नौका मूळची अमेरिकन. ‘फिनिक्स’ या नावाने ती १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यातून सहीसलामत सुटली होती. ‘काँकरर’ ही ब्रिटिश अणु-पाणबुडी आदल्या दिवसापासून तिच्या मागावर होती आणि नौकेवर कोणाला त्याची गंधवार्ताही नव्हती. पाणबुडीतून तीन पाणतीर सुटले, त्यांतील दोन लागले. ३२३ माणसे प्राणास मुकली.

अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीने युद्धात शत्रूची नौका पाणतीराने बुडविल्याची ही पहिली घटना. परंतु वापरलेल्या पाणतीरांचा मूळ आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचा होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्याहून नवे पाणतीर पाणबुडीत असूनही कप्तानाने जुन्यांवर भरवसा ठेवला. तेव्हा सामर्थ्य अस्त्रात नव्हते. ४ एप्रिलला स्कॉटलंडमधून निघून हजारो मैल पाण्याखालून कापायचे, मोठ्या नौकेचा वेगाने पाठलाग करायचा आणि तरीही अदृश्य राहायचे, यात ते होते. नौका त्या वेळी ब्रिटनने जाहीर केलेल्या २०० सागरी मैलांच्या निषिद्ध क्षेत्राबाहेर होती. म्हणून त्या आज्ञेविषयीचा वाद पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. लष्करी परिणाम मात्र वादातीत होता. अर्जेंटिनाची विमानवाहू नौका किनाऱ्याकडे परतली आणि ते आरमार पुढे खोल समुद्रात उतरलेच नाही. बुडाली एक नौका, पण तिच्या धसक्याने सगळे आरमार जायबंदी झाले.

हे शक्य कशाने झाले? महायुद्धातील पाणबुडी ही खरे पाहता मधूनमधून बुडी मारणारी नौकाच होती. पाण्याखाली ती विद्युतघटांवर चाले, आणि ते भरण्यासाठी डिझेल यंत्रांना हवा हवी म्हणून तिला वर यावे लागे. ही बेडी तुटली ती अमेरिकेच्या ‘नॉटिलस’मुळे. हायमन रिकोव्हर या करड्या शिस्तीच्या अधिकाऱ्याने तिच्यामागे हट्टाने जीव ओतला होता. १७ जानेवारी १९५५ रोजी ती अणुशक्तीवर निघाली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने पंखा व वीज. विजेने पाण्याचे विघटन करून प्राणवायू मिळतो, समुद्राचे खारे पाणी गोडे होते. मर्यादा उरते ती कोठीतल्या शिध्याची आणि माणसांच्या मनाची.

पण अणुभट्टीबरोबर आवाज येतो. समुद्रात प्रकाश फार दूर जात नाही, ध्वनी जातो. म्हणून पाणबुडीचे सारे युद्ध कानांचे युद्ध आहे. डिझेल पाणबुडी विद्युतघटांवर संथ चालली तर जवळजवळ मुकी होते. अणु-पाणबुडीत पंप, टर्बाइन आणि दंतचक्रे यांची घरघर चालूच राहते. सोव्हिएत संघाने ‘आल्फा’ जातीच्या पाणबुड्या टायटॅनियमच्या बांधल्या आणि त्यांचा वेग ४० नॉटच्या वर नेला. परंतु वेगात त्या इतका गोंगाट करीत की लपण्याचा मूळ हेतूच फसे. पुढे यंत्रसामग्री लवचीक आधारांवरील तराफ्यावर बसविण्यात आली, कवचाला रबरी फरशा चढल्या, पंख्याच्या पात्यांचे घाट बदलले. या घाटांचे मोल किती, ते १९८७ साली जगाला कळले. एका जपानी व एका नॉर्वेजियन कंपनीने अशी पाती कोरणारी संगणकनियंत्रित यंत्रे आणि त्यांची नियंत्रणप्रणाली सोव्हिएत संघाला चोरून विकल्याचे उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. तोफा नव्हेत, कोरणयंत्रे!

आजच्या अमेरिकन ‘व्हर्जिनिया’ जातीच्या पाणबुडीची लांबी सुमारे ११५ मीटर आहे, आणि तिच्या आयुष्यात अणुभट्टीचे इंधन बदलावे लागू नये अशी तिची योजना आहे. पारंपरिक पेरिस्कोपऐवजी तिला कॅमेऱ्यांचा स्तंभ आहे. पाणतीरांखेरीज ती जमिनीवर दूर मारा करणारी ‘टोमाहॉक’ क्षेपणास्त्रे सोडते. पाण्याखालून अशा माऱ्याचा युद्धातील पहिला प्रयोग १९९१ च्या आखाती युद्धात झाला.

या सामर्थ्याची किंमतही मोजावी लागली आहे. १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अमेरिकन पाणबुडी चाचणीच्या बुडीत १२९ जणांसह तळाला गेली. पाइपचा सांधा निकामी होऊन पाणी शिरले, अणुभट्टी बंद पडली आणि वर येण्याचा प्रयत्न फसला, असा चौकशीचा अंदाज होता. त्यानंतर अमेरिकेत प्रत्येक सांध्याच्या तपासणीचे कडक नियम झाले.

भारताने १९८८ ते १९९१ या काळात सोव्हिएत संघाकडून भाडेपट्ट्याने ‘चक्र’ ही अणु-पाणबुडी वापरली. त्याच नावाची दुसरी पाणबुडी रशियाकडून २०१२ साली विशाखापट्टणमला दाखल झाली व २०२१ साली परत गेली. दोन्ही वेळा नौका गेली, पण अणुभट्टी हाताळण्यात मुरलेले अधिकारी व खलाशी मागे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन हल्लेखोर अणु-पाणबुड्या देशातच बांधण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्यांना वर्षे लागतील. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ जातीच्या सहा पाणबुड्यांपैकी शेवटची, ‘वाघशीर’, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. त्या अतिशय शांत आहेत. पण डिझेलवरच्या आहेत, आणि विद्युतघट भरण्यासाठी त्यांना आजही हवेची नळी पाण्याबाहेर काढावी लागते.