डीजे, ढोलकी आणि गिटार
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही साचेखात्यातली माणसं. गिरणी बंद पडली तरी आवाज चढाच राहिला, तेवढं सांभाळून घ्या. मागच्या महिन्यात याच सभागृहात गाण्याची रात्र झाली, तिच्याविषयी बोलायचं आहे. कारण तिला विरोध करणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो.

पोरांनी बैठकीत विषय काढला : यंदा डीजे नको, त्या पैशात गायन पार्टी बोलवू आणि नंतर वस्तीतली गिटारवाली पोरं स्वतःची गाणी म्हणतील. डीजे नको हे पटलं, पण गिटार काही घशाखाली उतरेना. आम्ही उठून म्हणालो, "विहार म्हणजे हॉटेल आहे काय?" तेव्हा एका पोरीनं शांतपणे विचारलं, "काका, मग पेटी कुठून आली?" पेटी युरोपातून आली हे आम्ही वाचलेलं होतं. गप्प बसलो.

आपल्या माणसांनी साधन कुठलंही घेतलं, बोल मात्र आपले घातले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे केले, त्यात साचा तमाशाचा, विचार बाबासाहेबांचा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा (१९२२-२००४) विशी उलटल्यावर अक्षर शिकले आणि गावोगाव गात फिरले. तिकडे चेन्नईत २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकारानं पोरापोरींचा संच उभा राहिला, तो गाना, रॅप आणि रॉक एकत्र गातो. त्याचं नाव 'जात नसलेले' या अर्थाचं आहे. ते पंडित अयोथी दासांच्या शब्दांवरून घेतलं. या पंडितांनी १८९८ सालीच बौद्ध धम्म स्वीकारला होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

असो. त्या रात्री त्रिसरण-पंचशील झालं. सतरंज्यांवर शंभरेक माणसं, माईक एकच, पंख्याची घरघर वेगळी. ढोलकीवर आमचे बाबा बसले. एकेकाळी १४ एप्रिलला त्यांच्यावाचून पान हलत नसे. डीजे आला आणि त्यांना कोणी बोलावलं नाही. डीजेच्या पावतीवर खजिनदार म्हणून दरवर्षी सही कोणाची? आमची. त्यांनी ढोलकीच्या कड्या ठोकून सूर लावायला घेतला, तेव्हा आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

पार्टीचं गाणं झकास झालं, ते तुम्ही ऐकलंच आहे. मग पोरं आली. गिटारची एक तार उतरलेली, गाणारा मुलगा घाबरलेला. गाणं होतं त्याच्या आजीवर, पहाटे नळावर रांग लावून मग धुणीभांड्याला जाणाऱ्या. पहिलं कडवं डळमळलं. दुसऱ्याला बाबांनी कोणी न सांगता हळूच ठेका धरला आणि पोराचा आवाज मोकळा झाला. मागच्या रांगेतल्या बायका टाळ्या धरून बसल्या. त्याची आजी मात्र पदराआड तोंड करून बसली होती.

दहा वाजले. नियमाप्रमाणे आम्हीच उठून माईक बंद केला. कोणी उठेना. पुढची दोन गाणी पोरांनी तशीच हळू आवाजात म्हटली. शब्द न् शब्द कळला.

चपला शोधताना आम्ही बाबांना म्हणालो, "बाबा, आमची चूक झाली." ते म्हणाले, "ते राहू दे. पोरं तालात पळतात, त्यांना माझ्याकडं धाडा."

तेव्हा दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता याच सभागृहात बाबा शिकवणार आहेत. फी नाही. मुलींनाही पाठवा. ढोलक्या सध्या दोनच आहेत, म्हणून वेळेवर या. जय भीम!